मामा, ते पाणी मीच घातलं होतं

नमस्कार मामा,

तुम्ही वॉचमनची नोकरी सोडून गावी गेलात, तेव्हा मी घरी नव्हते. आभार मानायचे राहूनच गेले. हे पत्र सोसायटीच्या ग्रुपवर टाकतेय आणि तुमच्या मुलालाही पाठवतेय. तो वाचून दाखवेल.

दोन वर्षांपूर्वीचा जुलै. मेंटेनन्सची पावती द्यायला तुम्ही वर आलात आणि दारातल्या जेडच्या झाडापाशीच थबकलात. चिनी मातीची देखणी कुंडी, तळाला भोक नाही, आणि तुळशीला घालते तसं मी त्यालाही रोज तांब्याभर पाणी घालत होते. पानं पिवळी पडून हात लागताच गळत होती. तुम्ही मातीत बोट खुपसलंत, नाकाला लावलंत आणि म्हणालात, "ताई, मुळं सडली. पेपर आणा."

नर्सरीतून आलेला लाल चिकणमातीचा गोळा अजून मुळांभोवती तसाच होता. उरुळी कांचनच्या नर्सरीत असताना असे गोळे आपणच वळायचो, रोप टेम्पोत हलू नये म्हणून, हे तुम्ही हसत सांगितलंत. गोळा फोडला तर आत काळी, बुळबुळीत मुळं. ती सगळी कापलीत, खोडही पांढरं लागेपर्यंत कापलंत, आणि उरलेलं झाड काप सुकायला पेपरवर आडवं टाकून निघालात. "पाच दिवस हात लावायचा नाही."

आता कबुली. तिसऱ्या रात्री मला राहवलं नाही. मी ते मगभर पाण्यात उभं केलं आणि सकाळी पुसून परत पेपरवर ठेवलं. तुम्ही आलात तेव्हा काप काळा पडला होता. तुम्ही माझ्याकडे पाहिलं, ब्लेड काढलं, दोन बोटं वरून पुन्हा कापलंत. "अजून पाच दिवस." बास. का झालं, कोणी केलं, एक अक्षर नाही.

मग डी विंगच्या दुरुस्तीतले विटांचे तुकडे तुम्ही पीठ चाळायच्या चाळणीने चाळलेत (चाळण माझी होती, ती परत स्वयंपाकघरात गेली नाही). एक वाटा विटा, एक वाटा जाड वाळू, एक वाटा माती. भोकावर खापरीचा तुकडा. आणि कुंडी आधीपेक्षा लहान! मला ते पटेना, पण नव्याने फुटणाऱ्या मुळांना मोठ्या कुंडीतला ओलावा शोषून संपत नाही, हे पुढच्या पावसाळ्यात कळलं. लावल्यावरही आठवडाभर पाणी नाही.

"हे खरं जेड नव्हे, पण सगळे जेडच म्हणतात," असं तुम्ही म्हणाला होतात. नंतर शोधलं. आपल्याकडचं बारीक पानांचं, लालसर खोडाचं ते पोर्टुलाकारिया आफ्रा, जाड मोठ्या पानांचं ते क्रॅसुला ओव्हाटा. दोन्ही दक्षिण आफ्रिकेतली. तिकडे हत्ती हे बारीक पानांचं झाड वरून ओरबाडून खातात आणि खाली पडलेल्या फांद्या तिथेच मूळ धरतात. वाचताना तो पेपर आठवला.

किडीसाठी तुम्ही सांगितलेल्या तंबाखूच्या पाण्यावर मात्र माझा अजून विश्वास नाही. एचेव्हेरिया या जाड पानांच्या रोपाच्या बेचक्यात पिठ्या ढेकूण (पांढरी, कापसासारखी कीड) आला, तेव्हा काडीला कापूस गुंडाळून स्पिरिटने एकेक टिपला. तो उपायही तुमचाच. हॉवर्थिया या तशाच दुसऱ्या रोपाला दुपारचं ऊन द्यायची चूक मी स्वतःच्या बळावर केली. तपकिरी डाग अजून आहेत.

जेड आता गुडघ्याएवढं झालंय. पावसाळ्यात ते पत्र्याखाली असतं. छाटलेल्या फांद्यांची अकरा रोपं वाटली. बारावं तुमच्यासाठी दह्याच्या डब्यात लावलंय, तळाला तापल्या सुईने भोकं पाडून. गावाकडून कोणी पुण्याला येणार असेल तर कळवा.

नऊ दिवस झाले, पाणी घातलेलं नाही. शप्पथ.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची ताई