जीप तीस वर्षांची आहे, रस्ता त्याहून जुना : परिवहन मंत्र्यांना खुले पत्र

मा. परिवहन मंत्री,
कर्नाटक राज्य, बेंगळुरू

विषय : एमएम 540 जीपच्या नोंदणीचे नूतनीकरण, आणि त्या निमित्ताने साचलेलं बाकी सगळं.

महोदय,

सविनय नमस्कार. पत्र मराठीत आहे, त्याबद्दल माफी मागत नाही. तुमच्या खात्याची कन्नड नोटीस आली की मी शेजारच्या बारावीतल्या पोराला बोलावतो. तुमच्याकडे तर अख्खं सचिवालय आहे, कुणीतरी वाचून दाखवील.

मी खानापूर तालुक्यात जांबोटीच्या पुढच्या एका गावात राहतो. घरी काजूची बाग, चार म्हशी आणि महिंद्राची एमएम 540 जीप. 1995 च्या नोव्हेंबरची नोंदणी, केए-22. इंजिन मूळचं, प्यूजोच्या आराखड्याचं 2,112 सीसी डिझेल. मूळचं हे मुद्दाम सांगतो, कारण आमच्या भागातल्या निम्म्या जीपांत आज दुसऱ्याच कुठल्या गाडीचं इंजिन बसवलेलं आहे आणि त्या बिनबोभाट पास होतात. माझीच अडकली.

खाजगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची, मग दर 5 वर्षांनी नूतनीकरण, हा 1988 च्या मोटार वाहन कायद्यातला नियम मला पाठ आहे. 2010 ला केलं, 2015 ला केलं, 2020 ला केलं. 2020 ला नूतनीकरणाची फी 600 रुपये होती. 1 एप्रिल 2022 पासून ती 5,000 झाली. मग 2025 च्या ऑगस्टमध्ये 20 वर्षांपुढच्या मोटारींना 10,000. तेवढ्या वर्षांत काजूचा भाव किती वाढला ते विचारू नका. फी केंद्राची आहे, तुमची नाही, हे तुम्ही सांगणारच. कबूल. पण खिडकी तुमची, खिडकीतला माणूस तुमचा आणि रस्ताही तुमच्याच सरकारचा.

कुठल्या कार्यालयात काय झालं ते नाव घेऊन लिहीत नाही. लिहिलं तर एखाद्या बिचाऱ्या कारकुनाची बदली होईल, आणि खुर्ची तिथेच राहील.

मुदत संपायच्या दीड महिना आधी अर्ज केला. पैसे भरले, पावती घेतली. पासिंगच्या दिवशी पहाटे उठून गाडी धुतली. चेसिसवरचा नंबर गंजाखाली गेला होता, म्हणून आदल्या रात्री खाली गोणपाट टाकून उताणा पडलो आणि अर्धा तास पॉलिश पेपरने घासला, वर तेलाचा हात फिरवला. कागद ठेवून पेन्सिल फिरवली की आकडे एकेक करून उमटत, छान दिसत होतं. इन्स्पेक्टर वाकला, मोबाईलचा उजेड पाडला आणि म्हणाला, "इतका चमकतोय कसा? खोदून नवा टाकलाय काय?"

गंजलेला असता तर वाचता येत नाही म्हणून परत पाठवलं असतं. घासला तर संशय.

ते निस्तरलं, तर मग टप. आरसीवर बॉडी 'ओपन' लिहिलंय आणि गाडीला पत्र्याचं टप आहे, म्हणजे बेकायदेशीर फेरबदल. साहेब, हे टप मी 2011 ला बेळगावात उद्यमबागेच्या एका शेडमध्ये बनवून घेतलं. त्यानंतर याच टपासकट ही गाडी 2015 ला पास झाली, 2020 ला पास झाली. त्या दोन इन्स्पेक्टरांना टप दिसलं नव्हतं का, की टप त्या दिवसांपुरतं कायद्यात बसत होतं? कणकुंबी-जांबोटीकडचा पाऊस तुम्ही बघितलाय का कधी? जून लागला की ढग खाली उतरून अंगणात बसतात. मलप्रभा उगाच आमच्या कणकुंबीत उगम पावत नाही. कापडी हूड एका पावसाळ्यात कुजतो, दुसऱ्यात बुरशी धरतो, तिसऱ्यात शाळेतल्या पोरांची दप्तरं भिजवतो. पत्र्याचं टप ही माझी हौस नाही.

पीयूसीला मात्र काही बोलता आलं नाही. अशा जुन्या डिझेल गाडीला धुराची मर्यादा 65, माझी 52 आली. नोझल साफ, पंपाचं कॅलिब्रेशन केलेलं, एअर फिल्टर नवा. तरी खिडकीतला म्हणाला, "डिझेल ना? दहा वर्षांनी बंदच आहे की." तो दिल्लीचा नियम, साहेब. दिल्ली आणि भोवतीच्या राजधानी क्षेत्रापुरता, 2015 च्या हरित लवादाच्या आदेशातला. बेळगाव दिल्लीत आहे की नाही हे जर तुमच्या खिडकीला ठाऊक नसेल, तर ते महाराष्ट्रात असावं की कर्नाटकात, याचा वाद सर्वोच्च न्यायालयात 2004 पासून का पडून आहे ते मला आता समजलं.

अर्ज नामंजूर झाला. दुरुस्त करून पुन्हा भरायला गेलो तोवर नोव्हेंबर उलटला होता. मग उशिराचा दंड, महिन्याला 500. उशीर कुणी केला? तिसऱ्या खेपेला सर्व्हर बंद. चौथ्या खेपेला इन्स्पेक्टर बेळगावातल्या विधिमंडळ अधिवेशनाच्या ड्यूटीवर. पाचव्या खेपेला "नाळे बन्नी". उद्या या. हे दोन शब्द मला भाषांतराशिवाय समजतात, कारण माझ्या आयुष्यात मी कन्नडमधले सगळ्यात जास्त वेळा ऐकलेले शब्द हेच आहेत. एकूण आठ खेपा झाल्या. बायको म्हणते नऊ. आठच धरा. जाऊन-येऊन ऐंशी किलोमीटर, म्हणजे साडेसहाशेच्या आसपास. जीप लिटरला दहा-अकरा देते. डिझेलचा हिशेब तुम्हीच करा, कारण 1 एप्रिल 2025 ला डिझेलवरचा विक्रीकर 21.17 टक्क्यांवर तुमच्याच सरकारने नेला. म्हणजे तुमच्या दारात येण्याचाही कर मीच भरला.

फाटकाबाहेरचा एजंट शेवटी कळवळून म्हणाला, "मामा, कशाला फिरूलाय उगाच? माझ्याकडं द्या, बसून चहा प्या." त्याने सांगितलेला आकडा इथे लिहीत नाही. पण एवढं लिहितो की त्याच्या आकड्यात टप बेकायदेशीर राहत नाही.

आता वचनाचं. दोन पावसाळ्यांमागे खानापुरात लोकांच्या तक्रारी ऐकायची एक बैठक झाली. तिथे तुमच्या खात्याच्या एका अधिकाऱ्याने माईकवरून सांगितलं की खानापुरात महिन्यातून एकदा पासिंगचा कॅम्प लावू, अर्ज मराठीतही ठेवू. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, त्याची आता लाज वाटते. त्या कॅम्पची वाट बघून माझी मुदत संपली, पण कॅम्पची मुदत सुरूच झाली नाही.

मुदतींचं तुमच्या खात्याला तसं वावडं नाही. 2023 च्या ऑगस्टमध्ये फर्मान काढलंत की 1 एप्रिल 2019 आधीच्या सगळ्या गाड्यांना नवी सुरक्षित नंबरप्लेट हवी. मुदत 17 नोव्हेंबर. ती झाली 17 फेब्रुवारी, मग 31 मे, मग 15 सप्टेंबर, आणि पुढे मी मोजायचं सोडून दिलं. तुम्हाला मुदत वाढवून मिळते, आणि मी एक महिना चुकलो तर 500 रुपये. माझी पुढची प्लेट आली, मागची चार महिन्यांनी. मधल्या काळात एका नाक्यावर दंड भरला, कारण मागे जुनीच होती. पावती जपून ठेवलीय.

लोक विचारतात, विकून टाक की, नवी घे. घरातही हाच विषय रोज जेवणाच्या ताटावर असतो. तर ऐका. गेल्या जुलैत रात्री अकराला शेजारची सून कळा देऊ लागली. ॲम्ब्युलन्सवाला मुख्य रस्त्यावर थांबला. ओढ्यावरून पाणी चाललं होतं, त्याचीही चूक नाही. मी जीप काढली. भर पावसात उतरून पुढच्या दोन्ही चाकांचे हब हाताने लॉक केले, फॅनबेल्ट काढून सीटखाली टाकला, नाहीतर पंखा सगळं पाणी इंजिनावर उडवतो. गाडी फोर व्हीलला टाकली, लो ला टाकली, पहिला गिअर. एकदा पाण्यात घातली की पाय उचलायचा नाही, उचलला की सायलेन्सरमधून पाणी आत. पाणी पायाखालच्या पत्र्यावर आलं. मागे सासू रवळनाथाचा धावा करत होती आणि सून तिला गप्प बस म्हणून ओरडत होती. बारा-चौदा फूट ओढा, पण वाटलं गोव्याला पोचलो. पलीकडे ॲम्ब्युलन्सचा दिवा दिसला तेव्हा माझे हात स्टिअरिंगवरून सुटेनात. मुलगी झाली. बारशाला मला आहेर मिळाला, जीपला हार.

नव्या गाडीत एवढ्या पाण्यात पहिल्यांदा सेन्सर मरतो, मग कंपनीची क्रेन येते, तीही मुख्य रस्त्यापर्यंतच. माझ्या जीपला सेन्सर नाही. एकदा चालू झालं की हे इंजिन बॅटरीवाचूनही चालतं. पाटा तुटला तर गावातला लोहार जोडतो. क्रॉस, बेअरिंग, टाय रॉडचे एंड बेळगावात मिळतात, नाही मिळाले तर कोल्हापुरात. बुश तर उद्यमबागेत टर्नर उभ्या उभ्या लेथवर काढून देतो. किंगपिन ढिले आहेत, साठच्या पुढे स्टिअरिंग थरथरतं, हे मी लपवत नाही. पण आमच्या रस्त्यावर साठ गाठायला देवाची करणी लागते. थंडीत सकाळी हीटर प्लग तापेपर्यंत बायको शाळेची पिशवी मांडीवर घेऊन, काही न बोलता समोर बघत बसते. ते न बोलणंच मला जास्त लागतं. तिची मराठी शाळा सतरा किलोमीटरवर. वर्गात पोरं अकरा आहेत. ती शाळा बंद पडणार की तिची बदली होणार की माझी जीप आधी भंगारात जाणार, यावर आमच्या घरात पैज लागायची बाकी आहे.

मंत्रिसाहेब, मी या जीपचा शौकीन नाही. बेंगळुरूत अशी जीप घेतात, तिला लाल रंग देतात, जाड टायर घालतात आणि रविवारी बाहेर काढतात. तीही नूतनीकरणाला 10,000 भरते आणि माझीही 10,000. ती हौसेचे भरते, मी कशाचे भरतो? तुम्ही न बांधलेल्या पुलाचे. ओढ्यावर मोरी घाला, गावापर्यंत डांबर आणा, मी उद्या छोटी मोटार घेतो आणि ही जीप स्वतः हाताने भंगारात घालतो. भीमगडच्या जंगलातल्या गवाळी, पास्टोली, कोंगळा, आमगावच्या लोकांना विचारा रस्ता म्हणजे काय. तिथला आजारी माणूस पावसाळ्यात खांद्यावरून येतो. 2011 ला अभयारण्य जाहीर झालं, तेव्हापासून रस्ता मागितला की वनखात्याचा कागद पुढे येतो. कागदाला चाकं असती तर आम्ही त्याच्यावरच बसलो असतो.

आणि ज्या बेळगावसाठी तुमचं सरकार एवढं हळवं आहे, त्या बेळगावच्या वाट्याला काय येतं? 1956 ला आम्हाला न विचारता इकडे टाकलं. 2012 ला सुवर्णसौध, म्हणजे बेळगावातलं विधानभवन, उभा केला, राष्ट्रपतींच्या हस्ते उद्घाटन. वर्षातून दहा-बारा दिवस तिथे दिवे लागतात, आणि तेवढे दिवस आमची कामं बंद, कारण सगळे साहेब बंदोबस्तात. 2014 ला बेळगावचं बेळगावी केलंत. पाट्यांवर 60 टक्के कन्नड हवं म्हणून 2024 ला कायदा दुरुस्त केलात. करा. पण भाषिक अल्पसंख्याक 15 टक्क्यांवर असतील तिथे सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे केंद्राने 1956 लाच ठरवलंय. खानापूर तालुक्यात आम्ही बहुसंख्य आहोत, तरी पासिंगचा अर्ज मराठीत मिळत नाही. पाटीची टक्केवारी मोजता, मग माणसांची का नाही?

सीमेवर जरा कुठे ठिणगी पडली की पहिल्यांदा बंद होते ती तुमच्याच खात्याची बस. 2022 च्या डिसेंबरात झालं, 2025 च्या फेब्रुवारीत झालं. दोन्ही बाजूंच्या बसेस अडकल्या, दोन्ही बाजूंच्या नेत्यांनी निषेध केला आणि आपापल्या गाड्यांतून घरी गेले. फेब्रुवारीत माझी भाची कोल्हापूरला परीक्षेला जायची होती. तिला सीमेवरच्या कोगनोळीच्या पुढे सोडून कोण आलं? हीच जीप. महाराष्ट्रातले लोक केए नंबर बघून रागाने बघत होते, परतताना इकडचे लोक आमचं मराठी ऐकून. जीपचा हॉर्न कुठल्या भाषेत वाजतो हे मात्र दोन्हीकडे कुणी विचारलं नाही, नशीब.

मागणी लिहायची राहिलीच. खानापुरात महिन्यातून एक दिवस पासिंगचा कॅम्प, जसं सांगितलं होतं तसं. अर्ज मराठीत. पूर्वी पास झालेलं टप पुन्हा अडवू नये, अडवायचंच असेल तर आरसीवर नोंद कशी करून घ्यायची ते त्याच खिडकीवर सांगावं. आणि माझ्यावर लावलेला उशिराचा दंड परत करावा. रक्कम छोटी आहे. मला ती हवी आहे.

आपला,
एक जीपवाला,
जांबोटी भाग, ता. खानापूर, जि. बेळगाव

ता. क. : पुढच्या अधिवेशनाला याल तेव्हा एक सकाळ काढा. सुवर्णसौधाच्या फाटकापाशी मी थांबतो. तुमची गाडी जांबोटीपर्यंत येईल, पुढे माझ्यात बसा. पुढची सीट फाटलीय, पोतं टाकून ठेवतो. फक्त तोवर पासिंग करून द्या, नाहीतर विनानोंदणी गाडीत मंत्री बसले म्हणून तुमचाच माणूस आपल्याला नाक्यावर अडवील.