आयकार्ड दाखवा, मग मानवी हक्क बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

१० डिसेंबर, म्हणजे मानवी हक्क दिन, जवळ आला की बऱ्याच विद्यापीठांच्या लायब्ररीत मानवी हक्कांवर चित्रप्रदर्शनं लागतात. मला हे मनापासून आवडतं, कारण आर्ट गॅलरीत जाणारा ठरवून जातो, पण लायब्ररीत पुस्तक परत करायला आलेला, फाइन भरावा लागणार म्हणून आधीच वैतागलेला पोरगा जाता जाता एखाद्या चित्रापाशी थबकतो, आणि त्या थबकण्यासाठीच तर हा सगळा खटाटोप असतो ना.

पण परवा अशाच एका प्रदर्शनाला गेलो तर गेटवरच अडवलं. आयकार्ड? नाही. स्टाफ? नाही. मग रजिस्टर, सही, कोणाला तरी फोन, यात अर्धा तास गेला, आणि आत शिरल्यावर पहिल्याच पॅनलवर मोठ्या अक्षरात काय, तर संयुक्त राष्ट्रांच्या १९४८ च्या मानवी हक्क जाहीरनाम्यातलं कलम २७, समाजाच्या सांस्कृतिक जीवनात भाग घेण्याचा आणि कलांचा आनंद घेण्याचा हक्क प्रत्येकाला आहे! मला हसूच आलं. शेजारी तो जाहीरनामा लिहिणाऱ्या समितीच्या अध्यक्ष एलिनॉर रूझवेल्ट यांचा फोटो होता, असायलाच हवा, पण पहिल्या कलमातल्या 'ऑल मेन'चं 'ऑल ह्यूमन बीइंग्ज' व्हावं म्हणून आग्रह धरणाऱ्या, भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहतांचं कुठे नावही नाही.

पुढे चिलीतल्या आर्पियेराचा मोठा प्रिंट होता. पोत्याच्या कापडावर रंगीत चिंध्या शिवून केलेली घरं, मागे डोंगर, डोंगरावर सूर्य, खाली छोट्या छोट्या बाहुल्यांसारख्या बायका. लेबल फक्त 'चिली, कापडकाम'. माझ्या बाजूची मुलगी मैत्रिणीला म्हणाली, शाळेतलं क्राफ्ट आहे बहुतेक. तिची काय चूक? तिला कोणी सांगितलंच नाही की हुकूमशहा पिनोचेच्या राजवटीत, म्हणजे १९७३ नंतर, ज्यांची माणसं उचलून नेली आणि परत आलीच नाहीत अशा बायका हे शिवत होत्या, कधी कधी त्या गायब माणसाच्याच कपड्याचा तुकडा वापरून, आणि काहींच्या पाठीमागे छोटा खिसा करून त्यात चिठ्ठी ठेवलेली असायची. हे असे तुकडे लपवून देशाबाहेर जायचे. हे कळल्यावर तो सूर्य वेगळाच दिसतो.

स्पॅनिश चित्रकार गोयाच्या युद्धचित्रांचंही तेच. लेबल म्हणे 'युद्धाची भीषणता'. अहो, ते चित्रात दिसतंच आहे! त्याने साधारण १८१० ते १८२० मध्ये ही ८२ चित्रं केली, पण त्याच्या हयातीत ती प्रसिद्ध झाली नाहीत, १८२८ ला तो गेला आणि १८६३ मध्ये त्यातली ८० लोकांसमोर आली. मानवी हक्कांच्या प्रदर्शनात हेच लिहायचं नाही तर मग काय लिहायचं?

आणि उजेड. मूळ कागद किंवा कापड असेल तर रंग उडू नयेत म्हणून उजेड ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) आसपास ठेवतात, ते मान्य. पण इथे सगळे प्रिंटच होते, तरी अंधार, त्यात मुंगीएवढा फाँट, मी मोबाइलचा टॉर्च लावून वाचत होतो.

गंमत म्हणजे हा सगळा मजकूर त्याच इमारतीत वरच्या मजल्यांवर पडलेला असतो. पुस्तकांना विषयवार नंबर देणाऱ्या ड्यूई पद्धतीतल्या ३२३ च्या कपाटात मानवी हक्क, सातशेच्या रांगेत कला. प्रत्येक चित्राखाली एक-दोन पुस्तकांचे कॉल नंबर, म्हणजे कपाटातली जागा सांगणारे नंबर, चिकटवले तरी पुरे, त्याला बजेट लागत नाही आणि गॅलरीला ते जमणारही नाही, लायब्ररीलाच जमेल.

तेव्हा ग्रंथपाल मंडळींना विनंती, पुढच्या वेळी पॅनल गेटच्या बाहेर, पोर्चमध्ये लावा, पुस्तकं सांभाळायची म्हणून आत सोडत नसाल तर ठीक आहे, प्रिंट कोण चोरून नेणार? आणि फाँट जरा मोठा करा.

आपला,
एक नियमित वाचक