उल्का की अग्निबाण?

महोदय,

२ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी विदर्भाच्या आकाशातून जळते गोळे ओळीने सरकत गेले आणि आमच्या सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी येथे धातूची भलीमोठी कडी येऊन पडली. विज्ञानाची आवड असलेल्या आमच्याकडील तरुणांचा त्यावरचा वाद धानाच्या बांधीवर आणि चहाच्या टपरीवर अजूनही रंगतो. परवा तर एकाने खर्रा घोटता घोटता तो उल्कापातच होता, असे ठासून सांगितले. उल्का सेकंदाला किमान ११ किलोमीटर वेगाने वातावरणात शिरते व बहुधा काही क्षणांतच विझते, तर पृथ्वीभोवती फिरणारे भंगार सेकंदाला सुमारे ८ किलोमीटर वेगाने, जवळजवळ आडवे खाली येते आणि म्हणूनच त्याचे जळते तुकडे एकामागोमाग बराच वेळ दिसत राहतात. त्या दिवशी दिसले ते असेच होते. शिवाय उल्केतून कुणी गोल घडविलेली कडी पडत नाही! चीनच्या ‘चँग झेंग ३ बी’ अग्निबाणाचा तो टप्पा, म्हणजे वापरून झालेला भाग, असावा, असे अभ्यासकांनी तेव्हाच म्हटले होते. उपग्रह पडला म्हणणारेही चुकतात, पण उल्कावाल्यांइतके नाही. पोरांनी वाद जरूर घालावा. फक्त त्या कडीचे छायाचित्र आणि तिच्याविषयीची माहिती सोप्या मराठीत तालुक्यातील प्रत्येक शाळेत लावावी, एवढी शिक्षण विभागाला विनंती आहे.

– एक निवृत्त शिक्षक, ता. सिंदेवाही, जि. चंद्रपूर