यादी कोणी ठरवली?

संपादक महोदय,

‘केवळ शास्त्र’ (शास्त्र म्हणजे बायबल) हे प्रोटेस्टंट ख्रिस्ती तत्त्व म्हणजे परंपरेला केराची टोपली दाखवणे, हा समज चुकीचा आहे. प्रोटेस्टंट पंथाचे प्रवर्तक ल्यूथर आणि कॅल्विन दोघेही चर्चच्या जुन्या आचार्यांचे दाखले देत. त्यांचे म्हणणे एवढेच, की कधीही न चुकणारे प्रमाण फक्त शास्त्र. कॅथलिक चर्चचा शिकवणीचा अधिकार शास्त्राच्या वर बसतो, हेही खरे नाही. कॅथलिक धर्माध्यक्षांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६५च्या दस्तऐवजात या अधिकाराला देववचनाचा सेवकच म्हटले आहे.

खरी अडचण बायबलच्या अनुक्रमणिकेत आहे. कॅथलिकांची पुस्तके ७३, प्रोटेस्टंटांची ६६. मृतांसाठी प्रार्थनेचा आधार म्हणून दाखवला जाणारा मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकाचा १२वा अध्याय एकाकडे शास्त्र, दुसऱ्याकडे नाही. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेने १५४६मध्ये आपल्या यादीवर शिक्कामोर्तब केले. शास्त्राच्या आत मात्र अशी यादी कुठेच नाही. ‘केवळ शास्त्र’ म्हणणाऱ्यांनी आधी या प्रश्नाला भिडावे.

– एक वाचक