पंधरा दिवसांची मुदत, बारमाही मनाई: गृहमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य

विषय: महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 च्या कलम 37 खालील मनाई आदेश

महोदय,

सांगली जिल्ह्यातील लोकसंघटनांबरोबर काम करणारा कार्यकर्ता म्हणून हे पत्र लिहीत आहे. पाच किंवा अधिक माणसांनी जमणे, मिरवणूक काढणे, घोषणा देणे, प्रक्षोभक भाषण करणे, इतकेच काय सभेत गाणी म्हणणे व वाद्ये वाजवणे, हे सारे कलम 37 (1) व (3) खाली मनाईच्या कक्षेत येऊ शकते. मनाईचा हा अधिकार असाधारण आहे म्हणूनच, शासनाच्या मंजुरीशिवाय जमावबंदी 15 दिवसांपेक्षा अधिक काळ चालू ठेवता येणार नाही, अशी मर्यादा कायद्यानेच घातली. प्रत्यक्षात राज्यातील अनेक जिल्ह्यांत एक आदेश संपतो न संपतो तोच दुसरा निघतो. मजकूर तोच, कारणे तीच (सण, जयंत्या, संभाव्य आंदोलने), बदलते ती केवळ तारीख. अशाने अपवादाची तरतूद बारमाही नियम होऊन बसते, आणि संविधानाच्या अनुच्छेद 19 ने दिलेला शांततेने व विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क परवानगीच्या अर्जावर येऊन ठेपतो. तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 144 खालील जमावबंदीचे आदेश वारंवार काढणे हा अधिकाराचा दुरुपयोग ठरेल, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2020 मध्ये काश्मीरमधील निर्बंधांबाबतच्या अनुराधा भसीन खटल्यात स्पष्ट केले आहे. तोच निकष कलम 37 लाही लावला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

याची झळ बसते ती लहान संघटनांना. मोठा पक्ष परवानगी मिळवतोच. पण पाण्याच्या आवर्तनासाठी तहसील कचेरीसमोर धरणे धरू पाहणाऱ्या शेतकऱ्यांना, मानधन थकलेल्या अंगणवाडी सेविकांना परवानगीसाठी हेलपाटे घालावे लागतात, आणि तरीही बसले तर गुन्हा दाखल होण्याची टांगती तलवार असतेच.

आमच्या खानापूर तालुक्याचा अनुभव आपण लक्षात घ्यावा. 1980 च्या दशकात मुक्ती संघर्ष चळवळीने दुष्काळावर मोर्चे काढले, येरळा नदीतल्या बेसुमार वाळूउपशाला विरोध केला, आणि त्याच लोकांनी बलवडी-तांदुळवाडीच्या शेतकऱ्यांबरोबर बळीराजा धरण उभे केले. मोर्चा काढणारे आणि धरण बांधणारे लोक वेगळे नव्हते. 2019 च्या महापुरात कृष्णाकाठी लोकांना बाहेर काढायला, जेवण पोहोचवायला, घराघरांतला गाळ उपसायला तरुण मंडळे आणि संस्था धावल्या, तेव्हा त्यांचे एकत्र जमणे कोणाला धोक्याचे वाटले नाही. पूर ओसरल्यावर हीच मंडळी पंचनाम्यातील त्रुटींबद्दल सभा घेऊ लागली, तर तिच्याकडे संशयाने पाहण्याचे कारण काय?

कडव्या डाव्या संघटनांच्या बेकायदेशीर कृत्यांना आळा घालण्यासाठी म्हणून जुलै 2025 मध्ये विधिमंडळाने मंजूर केलेल्या जनसुरक्षा विधेयकातील ‘बेकायदेशीर कृत्या’ची व्याख्या फार व्यापक असल्याने गुन्हा दाखल होण्याची ही धास्ती वाढली आहे.

म्हणून विनंती अशी की, प्रत्येक मनाई आदेशात त्या ठिकाणच्या, त्या काळातील धोक्याचे ठोस कारण नोंदवणे बंधनकारक करावे. आदेश मराठीत जिल्ह्याच्या संकेतस्थळावर त्याच दिवशी प्रसिद्ध व्हावा. शांततापूर्ण सभेसाठी परवानगीऐवजी पूर्वसूचना पुरेशी मानावी, आणि नकार द्यायचाच असेल तर तो लेखी, सकारण व सभेच्या आधी अपील करता येईल इतक्या वेळेत द्यावा. प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी धरण्यासाठी एक जागा निश्चित करावी, आणि ती कचेरीपासून दूर गावाबाहेर नसावी, कारण ज्याला ऐकवायचे त्याच्या कानी आवाज गेलाच नाही, तर त्या हक्काला अर्थ उरत नाही. यांपैकी बहुतेक गोष्टी गृह विभागाच्या एका परिपत्रकाने होऊ शकतात. ते परिपत्रक येत्या अधिवेशनापूर्वी निघावे, ही आग्रहाची मागणी आहे.

आपला,
एक कार्यकर्ता
विटा, जि. सांगली