बुरशीवर सगळा भार नको

काही शांपूंच्या बाटलीमागे, भिंग लावून वाचावे अशा अक्षरांत ‘प्रोपाइलपॅराबेन’ लिहिलेले असते. क्षीण का होईना, पण इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाची नक्कल करणारे हे परिरक्षक (माल खराब होऊ नये म्हणून घातलेले, पॅराबेन गटातले रसायन) मोरीतून सांडपाण्यात जाते. लाकूड कुजवणाऱ्या ‘ट्रॅमेटिस व्हर्सिकलर’ बुरशीचे लॅकेस हे विकर (एन्झाइम) ऑक्सिजनच्या मदतीने पॅराबेनचे रेणू मोडते. म्हणून सांडपाणी शुद्ध करायला ही बुरशी वापरावी, असे सुचवले जाते. प्रयोगशाळेत हे छान जमते. पण शहराच्या मैलापाण्यात विकर टिकवायचे कसे, आणि उरलेले तुकडे निरुपद्रवी आहेत का, हे कोण तपासणार? (आपल्याकडे सगळे मैलापाणी प्रक्रिया केंद्रापर्यंत पोहोचले तरी मिळवली!) डेन्मार्कने तीन वर्षांखालील मुलांच्या प्रसाधनांत प्रोपाइल व ब्युटाइल पॅराबेनवर २०११ मध्येच बंदी घातली. आपल्या नियामकांनीही निदान बाळांच्या क्रीम-लोशनपासून सुरुवात करावी.

– एक वाचक, पुणे