विंचवाचे विष, आयोडीन आणि वहिनींची शंका

धंतोली, नागपूर
दि. १८ एप्रिल

प्रिय अविनाश,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र काल मिळाले. दादांच्या मेंदूतील गाठीचा अहवाल ग्लायोब्लास्टोमाचा, म्हणजे मेंदूच्या वेगाने वाढणाऱ्या कर्करोगाचा, आला हे वाचल्यावर बराच वेळ काही सुचले नाही. विंचवाच्या विषाच्या उपचाराबद्दल तू विचारले आहेस आणि वहिनींना विषापेक्षा किरणोत्साराचीच भीती वाटते, असेही लिहिले आहेस. वहिनींची भीती योग्य जागी आहे.

मध्यपूर्वेच्या वाळवंटातील एका पिवळ्या विंचवाच्या विषात क्लोरोटॉक्सिन नावाचे ३६ अमिनो आम्लांचे चिमुकले प्रथिन सापडते. ते ग्लायोमाच्या (दादांच्या गाठीसारख्या मेंदूतील गाठींच्या) पेशींना चिकटते, निरोगी पेशींना सहसा नाही. औषधासाठी ते प्रयोगशाळेत तयार केले गेले, आणि त्याचे काम केवळ पत्ता शोधण्याचे. मारा करायचा तो त्याला जोडलेल्या आयोडीन-१३१ या किरणोत्सारी आयोडीनने. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत १८ रुग्णांना, गाठ काढल्यावर उरलेल्या पोकळीत, १० मिलिक्युरी (किरणोत्साराचे एक माप) आयोडीन असलेली एकच मात्रा दिली होती.

या आयोडीनचे बीटा कण ऊतीत दोनेक मिलिमीटरच्या आत थांबतात, म्हणून ते उपयोगाचे. पण गॅमा किरण कवटीबाहेर येतात. १० मिलिक्युरीपासून एक मीटरवर आरंभी ताशी सुमारे २० मायक्रोसिव्हर्ट (शरीराला बसणाऱ्या किरणांचे माप) मात्रा मिळते, दोन मीटरवर तिची चौथाई. सामान्य माणसासाठी वर्षाची मर्यादा १ मिलिसिव्हर्ट (हजार मायक्रोसिव्हर्ट), म्हणजे त्याच तीव्रतेने एक मीटरवर पन्नास तास. प्रत्यक्षात दर आठ दिवसांनी तीव्रता निम्मी होते आणि लघवीवाटे आयोडीन बाहेर पडते, त्यामुळे ती आणखी लवकर घटते. मात्र हीच लघवी शौचालयात सांडली, की भीतीचे कारण खरे ठरते. सुटे झालेले आयोडीन थायरॉइडमध्ये साठू नये म्हणून आधीपासून पोटॅशियम आयोडाइड द्यावे लागते. आमच्या विभागात हेच आयोडीन दिलेल्या थायरॉइडच्या रुग्णांचे हातमोजे आणि कापूससुद्धा शिशाच्या पेटीत ऐंशी दिवस ठेवतो, तेव्हा कुठे किरणोत्साराचा हजारावा भाग उरतो. नातेवाईक मात्र सूचनांचा कागद घडी घालून खिशात ठेवतात आणि तासाभराने रुग्णाच्या खाटेवर बसलेले दिसतात!

पण अविनाश, हा उपचार चाचणीपुढे जाऊन प्रचलित झालेला नाही, आणि ‘विंचवाच्या विषाचे थेंब’ म्हणून कोणी काही विकत असेल तर त्यात ना ते आयोडीन असते, ना त्यामागे पुरावा. त्यावर एक रुपयाही घालवू नकोस. दादांना सहा आठवडे किरणोपचार आणि सोबत टेमोझोलोमाइड या कर्करोगावरील औषधाच्या गोळ्या सांगितल्या आहेत, तोच प्रस्थापित मार्ग आहे.

वहिनींना एवढे नक्की सांग, की यंत्रातून बाहेरून दिलेले किरण यंत्र थांबताच संपतात, शरीरात काही उरत नाही. घरी आल्यावर नात दादांच्या मांडीवर बसली तरी चालेल.

किरणोपचारात डोके स्थिर ठेवणारा चेहऱ्याचा मुखवटा बनवायला सोमवारी याल तेव्हा एमआरआयच्या सर्व सीडी बरोबर आणा; जुनीही सोडू नकोस. उतरायला आमच्याकडेच या, कूलर लावून ठेवतो.

तुझा,
मधुकर